एका रॉकेटला तीन मोटर

आजचा विषय मॉडेल रॉकेटवाल्यांचा. एका मोटरने रॉकेट नीट उडायला लागलं की हात शिवशिवतात, दोन लावू का, तीन लावू का? याला क्लस्टर म्हणतात.

आधी मोटरवरचा कोड बघू. सी6-5. सी म्हणजे एकूण आवेग, 5 ते 10 न्यूटन-सेकंद. पुढच्या प्रत्येक अक्षराला मर्यादा दुप्पट होते, डी 20 पर्यंत, ई 40 पर्यंत. 6 म्हणजे सरासरी 6 न्यूटन रेटा. आणि शेवटचा 5 म्हणजे जळण संपल्यावर 5 सेकंदांनी पॅराशूट बाहेर ढकलणारा बार उडतो.

मग दोन सी म्हणजे एक डीच झाली की! बरोबर. म्हणून माझं मत सरळ आहे, बॉडीत डी मावत असेल तर डीच लावा. आणि मोटर दुप्पट केल्या म्हणून उंची दुप्पट होत नाही. वजन वाढतं, नळी जाड होते, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो.

क्लस्टरची खरी मजा वजन उचलण्यात आहे. समजा कॅमेरा लावलेलं रॉकेट 200 ग्रॅमचं आहे. म्हणजे साधारण 2 न्यूटन वजन. एका सी6 चा रेटा त्याच्या तिप्पट. हे कमी आहे, कारण दांडीवरून सुटताना वेग नसेल तर फिन्सना हवाच मिळत नाही आणि रॉकेट कलतं. निदान पाचपट हवा असं मानतात. आणखी दोन सी6 जोडल्या तर वजन अडीच न्यूटन, रेटा 18. सातपट! तिन्ही पेटल्या तर.

आता हा 'तर' बघा. समजा एक मोटर 100 पैकी 95 वेळा पेटते. तिन्ही एकदम पेटण्याची शक्यता 0.95 गुणिले स्वतःला तीनदा, म्हणजे जेमतेम 86 टक्के. आम्ही कोडवाले याला ऑल-ऑर-नथिंग म्हणतो. फक्त इथे रोलबॅक नसतो.

म्हणून इग्नायटर समांतर जोडायचे, एकामागे एक नाही. सिरीजमध्ये पहिला जळून तुटला की सर्किटच तुटतं, बाकीचे थंड. पण समांतर जोडणीत प्रत्येकाला स्वतःचा करंट लागतो. किटसोबतच्या कंट्रोलरमधले चार पेन्सिल सेल तिथे दम टाकतात. 12 व्होल्टची बॅटरी, जाड वायर, घट्ट क्लिपा घ्या. इग्नायटरचं टोक आत दारूला टेकलंच पाहिजे. आणि मोटर काळ्या दारूच्याच वापरा. कंपोझिट मोटर पेटायला कमी-जास्त वेळ घेतात, त्यामुळे एकदम पेटवणं अवघड जातं. आपल्या एलव्हीएम3 लाही उड्डाणाच्या वेळी दोन्ही एस200 बूस्टर एकदमच पेटवावे लागतात.

एका लाँचला माझ्यासमोर तीनपैकी दोनच पेटल्या. रेटा एका बाजूने, रॉकेट थोडं वर जाऊन आडवं झालं आणि गवतात शिरलं. पॅराशूटचा बार नंतर जमिनीवर उडाला. सगळे लांब उभे होते म्हणून निभावलं. म्हणूनच मोटर मध्यरेषेला चिकटून बसवा, आणि वजनदार रॉकेटला कमी डिले निवडा. सी6-5 ऐवजी सी6-3.

आणि दिवाळीतले बाण फोडून, त्यातली दारू काढून यातलं काहीही करायचं नाही. मोटर कारखान्यातलीच हवी.

बटण दाबलं आणि काहीच झालं नाही, तर आधी सेफ्टी की काढा किंवा बॅटरी तोडा. मग पूर्ण 60 सेकंद थांबा, घड्याळ लावून. रॉकेट उडालं पण एक मोटर तशीच राहिली असेल, तर खाली आल्यावरही ती जिवंत आहे असंच समजा. नोझलकडे तोंड न नेता आधी इग्नायटर काढा.