विमानातून पीक पाहताना

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



शेतातील पीक निरोगी आहे की रोगट, हे आकाशातून ओळखता येते काय? १९७० साली केरळात प्रा. पी. आर. पिशारोटी यांच्या नेतृत्वाखाली हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर नारळाच्या बागांची छायाचित्रे घेण्यात आली आणि रोगाने सुकू लागलेली झाडे त्यांत वेगळी दिसली. भारतातील दूरसंवेदनाचा प्रारंभ या प्रयोगापासून मानतात. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठविते. सारी परीक्षा या फरकावर चालते.

परंतु विमानातील उपकरण जो आकडा नोंदविते, त्यात पिकाबरोबर सूर्याचा आणि हवेचाही वाटा असतो. सूर्य माथ्यावरून क्षितिजापासून ३० अंशांवर उतरला, की सपाट जमिनीवर पडणारा प्रकाश निम्म्यावर येतो. शिवाय जानेवारीत पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर जुलैत १५ कोटी २१ लाख किलोमीटर अंतरावर असते. त्यामुळे प्रकाशात सुमारे सात टक्के तफावत पडते. तारीख, वेळ आणि स्थळ ठाऊक असले, की हा हिशेब सहज मांडता येतो.

हवेचे तसे नाही. स्वच्छ हवासुद्धा निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे चौपट विखुरते. धूळ आणि धूर त्यात भर घालतात. जमिनीला न शिवताच माघारी फिरलेला हा उसना प्रकाश प्रतिमेत मिसळतो. धुरकट दिवशी तांबड्या पट्ट्यातील आकडा असा फुगला, म्हणजे हिरवेगार शेतही निस्तेज भासते. अशा प्रतिमेची स्वच्छ दिवसाच्या प्रतिमेशी तुलना केल्यास न झालेले नुकसान कागदावर चढेल; क्रम उलटा असेल, तर झालेले नुकसान पुसले जाईल. शेतकऱ्याची भरपाई अशा आकड्यावर ठरणार असेल, तर ही गोष्ट क्षुल्लक मानता येणार नाही.

उपाय मात्र साधा आहे. उड्डाणाच्या वेळी जमिनीवर एक काळा आणि एक पांढरा रुंद पट अंथरतात, त्यांचे परावर्तन हाती धरावयाच्या उपकरणाने मोजतात आणि प्रतिमेतील आकड्यांशी ताडून पाहतात. दोन बिंदूंवरून रेषा काढण्याचे हे गणित शिक्षक बंधुभगिनींना परिचित आहे. रेषेच्या चढावरून प्रकाशाची तीव्रता कळते आणि तिच्या आरंभीच्या उंचीवरून उसना प्रकाश. २०१५-१६ मध्ये इस्रो आणि नासा यांनी भारतात जी हवाई पाहणी केली, तिच्या उपकरणात ३८० ते २५१० नॅनोमीटरपर्यंतचा वर्णपट पाच-पाच नॅनोमीटरच्या पट्ट्यांत विभागलेला होता. ९४० नॅनोमीटरच्या आसपास बाष्प प्रकाश शोषते. तेथील घट पाहून हवेतील बाष्पाचे प्रमाण प्रतिमेवरूनच काढता येते. डोंगरउतारावर मात्र प्रत्येक उताराचा कोन हिशेबात धरावा लागतो.

तेव्हा पंचायत सदस्यांना विनंती, की गावात असे पट अंथरले असता गुरे त्यांवरून जाऊ देऊ नयेत आणि त्या दिवशी शिवारात पालापाचोळा पेटवू नये. आणि कोणी आपणांस पिकाची हवाई प्रतिमा दाखविली, तर ती कोणत्या तारखेची, किती वाजता घेतलेली आणि सूर्य व हवा यांचा वाटा वजा केलेली आहे काय, हे अवश्य विचारावे.