शहाजिरें आणि बाळंतशेप

ठाण्याहून भिवंडीकडे जातांना कशेळीच्या पुलाअलीकडे बाळकुम लागतें. खाडीकांठचें हें जुनें गांव आतां उंच इमारतींनीं वेढलें आहे. तरी घरांत बाळंतीण असली, कीं बाळंतशेपेची आठवण होते. भाजलेली बाळंतशेप, ओवा, तीळ व खोबरें यांची सुपारी जेवणानंतर तिला देण्याची चाल महाराष्ट्रांत जुनी आहे. शहाजिरें मात्र गोड्या मसाल्याचें व पुलावाचें मानलें जातें.

युरोपांत या शहाजिऱ्याचाच मान मोठा. प्लिनीनें त्याच्या नांवाचा संबंध आशियामायनरमधील कारिया प्रांताशीं जोडला. राय धान्याच्या पावांत व आंबवलेल्या कोबींत तें घालीत. पोटांतील वायु सरावा म्हणून त्याचा काढा देत. शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री' नाटकाच्या दुसऱ्या भागांत तर तें सफरचंदासह पाहुण्यांपुढें येतें. तेथील शहाजिऱ्याचें काम येथें बाळंतशेपेनें केलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

हें साम्य केवळ योगायोगाचें नव्हे. दोन्ही वनस्पती एकाच कुळांतील असून दोहोंच्या तेलांत कार्व्होन हें सुगंधी द्रव्य मुख्य आहे. साध्या जिऱ्याचा वास निराळ्या द्रव्याचा. शहाजिऱ्याला थंड हवा मानवते. म्हणून कोंकणांत तें बाहेरूनच आलें व महागही राहिलें. शेपू मात्र परसांत उगवला. जर्मनींत शहाजिरें व पुदिना यांच्या तेलांचें संयुक्त औषध अपचनाच्या रोग्यांवर तपासलें गेलें असून त्याचा उपयोग दिसून आला आहे.

परंतु नांवांचा घोटाळा मोठा आहे. भावप्रकाशानें जिऱ्याचे तीन प्रकार सांगितले. बाजारांत शहाजिरें म्हणून दोन निरनिराळ्या वनस्पतींचीं फळें मिळतात. 'काळें जिरें' म्हटल्यास कोठें कलौंजी, कोठें जंतांवरचें कडू जिरें हातीं पडतें. स्वयंपाकांत अशा चुकीनें चव बिघडेल. औषधांत मात्र रोग्याला अपाय होण्याचें भय आहे. यास्तव दाणा पाहून घ्यावा. शहाजिऱ्याचा दाणा बारीक, वांकडा व फिकट रेषांचा. बाळंतशेपेचा चपटा व कडेला पातळ पापुद्रा असलेला. कलौंजीचा काळाभोर व कोनदार.

तान्ह्या मुलाला यांपैकीं कशाचाही काढा डॉक्टरांना विचारल्यावांचून देऊं नये. आजीबाईच्या बटव्यांत औषधाबरोबर त्याची पारखही असे. बटवा ठेवावयाचा, तर ती पारखही ठेविली पाहिजे.