शब्दार्थ आणि वाक्य

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या वहींत बहुधा दोन रकाने आढळतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. रोज दहा शब्द पाठ करावयाचे, असा नेम पुष्कळ घरांत असतो. आणि तरीहि दोन-तीनशे शब्द मुखोद्गत असलेल्या मुलास चार ओळींचा अर्ज लिहितांना घाम फुटतो. तेथें उणीव परिश्रमांत नसते, पद्धतींत असते.

'रिफ्यूज' आणि 'डिनाय' हे दोन शब्द घ्यावे. वहींत दोहोंपुढें 'नाकारणें' हाच अर्थ असतो. सोपी व्याख्या पाहिली म्हणजे मात्र भेद उघड होतो. मागितलेलें देण्यास किंवा सांगितलेलें करण्यास तयार नसणें म्हणजे 'रिफ्यूज'. एखादी गोष्ट खरी नाहीं असें म्हणणें हा 'डिनाय'चा मुख्य अर्थ. आमंत्रण 'रिफ्यूज' करतां येतें. आरोप 'डिनाय' करावा लागतो.

व्याख्या शब्दाची सीमा दाखविते. त्याची वागणूक वाक्यावांचून कळत नाहीं. मराठींत एखाद्या विषयावर चर्चा होते, म्हणून मूल 'डिस्कस'पुढें 'अबाउट' जोडतें. मराठींत कोणाशीं तरी लग्न करतात, म्हणून 'मॅरी'पुढें 'विथ' येतो. वस्तुतः या क्रियापदांना कर्म थेट लागतें. 'दे डिस्कस्ड द प्लॅन', 'शी मॅरीड अ डॉक्टर' अशीं वाक्यें कानांत बसलीं कीं चूक सहज टळते.

थोर कोशकारांनीं हें जाणलें होतें. सॅम्युएल जॉन्सन यांच्या १७५५ सालच्या कोशांत ग्रंथांतून वेंचलेलीं लाखाहून अधिक अवतरणें आहेत. बंगालमध्यें ढाका येथें अध्यापनकार्य केलेल्या मायकेल वेस्ट यांनीं जेम्स एंडिकॉट यांच्यासह १९३५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं कोश काढला. त्यांत सुमारें २४,००० शब्द व वाक्प्रचार अवघ्या १,४९० शब्दांच्या साहाय्यानें स्पष्ट केले. जपानांत इंग्रजी शिकविणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनीं सहकाऱ्यांसह रचलेला कोश १९४२ सालीं टोकियो येथें निघाला. कोणत्या क्रियापदाची वाक्यांत कशी रचना होते, हें त्यांत साच्यांनीं दाखविलें आहे.

घरीं करावयाचा अभ्यास याच वाटेनें जावा. दहांऐवजीं चारच शब्द घ्यावे. प्रथम व्याख्या वाचावी, मग छापील वाक्य मोठ्यानें म्हणावें, आणि पुस्तक मिटून घरच्या व्यवहारांतलें एक वाक्य स्वतः रचावें. 'बॉरो' म्हणजे उसनें घेणें, 'लेंड' म्हणजे उसनें देणें. बहिणीनें छत्री दिली, तर 'माय सिस्टर लेंट मी हर अम्ब्रेला'. हेंच वाक्य उलटून आपण ती घेतली असें सांगितलें, कीं 'बॉरो'हि पक्का होतो. आठवड्यानें तेच शब्द नव्या वाक्यांत पुन्हा योजावे.

ज्या माउलीस इंग्रजी येत नाहीं, तिनेंहि ही परीक्षा खुशाल घ्यावी. "हा शब्द कोठें चालेल?" आणि "कोठें चालणार नाहीं?" एवढे दोनच प्रश्न तिनें मराठींत विचारावे. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर जो देऊं शकतो, त्याला तो शब्द आला असें समजावें.