घरची गॅसची शेगडी : वापर, निगा आणि सावधगिरी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात सभासद कुटुंबांपुढे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली. संमेलनातील व्याख्यान म्हटले की ज्ञातीचा इतिहास, शिक्षणप्रसार, विवाहातील अनिष्ट रूढी असे विषय आपल्या कानी पडतात. ते विषय थोर आहेत यात शंका नाही. परंतु जो विषय आपल्या प्रत्येक घरात दिवसातून निदान तीन वेळा उपस्थित होतो, त्याविषयी बोलणारे फारसे कोणी भेटत नाही. तो विषय म्हणजे आपल्या ओट्यावरील गॅसची शेगडी.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या दिशेने जाणार हे श्रोत्यांच्या ध्यानी येईल. स्वयंपाकघर हे गृहिणीचे राज्य, अशी आपली जुनी समजूत आहे. त्या समजुतीमुळे शेगडीविषयीचे सारे ज्ञान घरातील एकाच व्यक्तीपाशी साठून राहते. रेग्युलेटर कोठे आहे आणि तो कसा बंद करावा, हे कित्येक घरांतील कर्त्या पुरुषांस, कॉलेजात जाणाऱ्या मुलांस आणि वृद्धांस ठाऊक नसते. परंतु अग्नी काही गृहिणी घरी असल्याची वाट पाहून भडकत नाही. संकटाच्या क्षणी जो हात सर्वांत जवळ असेल, त्या हाताला विद्या हवी. म्हणून हे व्याख्यान केवळ भगिनींसाठी नाही. किंबहुना ते बंधूंसाठी अधिक आहे.

आपल्या आज्यांनी चुलीपुढे फुंकणीने फुंकर घालता घालता डोळे झिजविले. त्यानंतर कोळशाची शेगडी आली, पंप मारावा लागणारा पितळी स्टोव्ह आला, वातीचा स्टोव्ह आला. मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने ‘बर्शेन’ या नावाने घरगुती गॅस आणला, तेव्हा ती मोजक्या घरांची चैन होती. पुढे तो मध्यमवर्गाच्या घरी आला आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर खेड्यापाड्यांतील झोपडीपर्यंत पोहोचला. धूर गेला, काजळी गेली, वेळ वाचला. हा उपकार लहान नव्हे. मात्र चुलीतले लाकूड आपल्या डोळ्यांना दिसत असे. हे नवे इंधन दिसत नाही. न दिसणाऱ्या वस्तूशी संसार करावयाचा तर तिचा स्वभाव जाणून घेतला पाहिजे.

या गॅसचा स्वभाव असा. प्रोपेन व ब्यूटेन या दोन वायूंचे हे मिश्रण असून दाबाखाली त्याचे द्रवात रूपांतर करून ते सिलिंडरमध्ये भरलेले असते. आपल्या घरच्या लाल सिलिंडरमध्ये ते १४.२ किलोग्रॅम असते. हा द्रव बाहेर पडला की त्याचा वायू होऊन सुमारे अडीचशे पट जागा व्यापतो. म्हणजे वाटीभर द्रव गळला तर त्याचा वायू काही वाटीभर राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की हा वायू हवेहून जड आहे, सुमारे दीडपट ते दुप्पट. त्यामुळे तो वर न जाता पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि ओट्याखाली, मोरीच्या खळग्यात, फडताळाच्या तळाशी साचून राहतो. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहणारा मनुष्य येथेच फसतो. तिसरी गोष्ट, हवेत तो शंभरात केवळ दोन भाग मिसळला तरी पेट घेऊ शकतो.

आणि चौथी गोष्ट ऐकून कित्येकांस नवल वाटेल. या वायूला स्वतःचा वास जवळजवळ नाही. आपल्याला येणारा तो उग्र दर्प मुद्दाम मिसळलेला असतो. इथाइल मर्कॅप्टन नावाचे द्रव्य त्यात घालतात. ही पद्धत सार्वत्रिक होण्यामागे एक हृदयद्रावक घटना आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात न्यू लंडन या गावच्या शाळेखालील पोकळीत नैसर्गिक वायू गळून साचत होता. त्याला वास नसल्यामुळे कोणालाच त्याची वार्ता लागली नाही. १८ मार्च १९३७ रोजी तेथील हस्तव्यवसायाच्या शिक्षकाने एक विजेचे यंत्र सुरू केले, त्याची ठिणगी उडाली आणि क्षणार्धात शाळा कोसळली. सुमारे तीनशे विद्यार्थी व शिक्षक प्राणास मुकले. त्यानंतर वायूमध्ये दर्प मिसळण्याचे कायदे झाले. ज्याने आयुष्यभर वर्गात मुले पाहिली त्याला ही हकीकत वाचून झोप लागणे कठीण. यातून दोन धडे घ्यावयाचे. तो दर्प म्हणजे आपल्याला दिलेली हाक आहे; आणि विजेचे साधे बटण दाबणे हेही वायूने भरलेल्या खोलीत काडी ओढण्यासारखेच आहे.

आता सामग्रीकडे वळू. सिलिंडर घरी आला की त्याचे सील शाबूत आहे का ते पाहावे आणि सिलिंडर आणणाऱ्या माणसाकडून वजन व गळती तपासून घ्यावी. त्यात संकोच कसला? तो आपला हक्क आहे. सिलिंडरच्या कड्याला जोडणाऱ्या पट्टीवर आतल्या बाजूस ए, बी, सी, डी यांपैकी एक इंग्रजी अक्षर व वर्षाचे दोन अंक असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. त्या मुदतीपर्यंत सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हावयास हवी असते. मुदत टळलेला सिलिंडर घेऊ नये, परत करावा.

सिलिंडर नेहमी उभाच ठेवावा. गॅस संपत आला म्हणून तो आडवा करणे, हलविणे किंवा गरम पाण्यात ठेवणे हे शुद्ध अविचाराचे लक्षण होय. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर, ओट्यावर असावी. हल्ली ओट्याखाली सुंदर दारे बसवून सिलिंडर आत कोंडण्याची हौस आली आहे. हौस करावी, परंतु त्या दारांना तळाशी हवा खेळण्याजोगी भोके अवश्य ठेवावीत. शेगडीमागील खिडकीला फडफडणारा पडदा नसावा. घरात लग्नमुंज निघाली की घरचा सिलिंडर उचलून मांडवात नेणारे महाभागही असतात. ते नियमाविरुद्ध आहे आणि धोक्याचेही आहे.

सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे रबराची नळी. शेगडी दिसते म्हणून आपण ती घासतो. नळी मागे असते म्हणून तिची आठवण राहत नाही. नळी आयएसआय चिन्हाची, आत तारेचे जाळे असलेली, नारिंगी रंगाची ‘सुरक्षा’ नळीच असावी आणि तिच्यावर छापलेली मुदत पाहून, फार तर पाच वर्षांनी, ती बदलावी. मुदतीपूर्वीही चीर पडली, कडक झाली अथवा उंदराने कुरतडली तर तत्काळ बदलावी. नळीला मध्ये सांधा देऊ नये, ती भिंतीतून ओवू नये, शेगडीच्या खालून नेऊ नये आणि शोभेसाठी तिच्यावर कापडाचे अथवा प्लास्टिकचे वेष्टन घालू नये. कारण झाकलेली चीर दिसत नाही. ओल्या फडक्याने पुसणे एवढीच तिची सेवा. दर पाच वर्षांनी वितरकाचा माणूस घरी येऊन तपासणी करतो. त्याला ‘नंतर या’ असे सांगून परत पाठवू नये.

रोजच्या वापरातील नियम थोडे आहेत. आधी काडी पेटवावी किंवा लायटर जवळ धरावा, मग बटण फिरवावे. हा क्रम कधीही उलटा करू नये. पहिल्या प्रयत्नात ज्योत लागली नाही तर बटण बंद करून थोडे थांबावे. लुगड्याचा किंवा ओढणीचा पदर खोचून घ्यावा. स्वयंपाकाला सुती वस्त्र उत्तम, कृत्रिम धाग्याचे वितळून अंगाला चिकटते. दूध चुलीवर ठेवून दारात गप्पा मारण्यास जाऊ नये. दूध उतू गेले तर दुधाची हानी होते एवढेच आपण मानतो. परंतु उतू गेलेल्या दुधाने ज्योत विझते, बटण मात्र उघडेच राहते आणि गॅस चालू असतो. खरी हानी ती. रात्री निजण्यापूर्वी आणि घराबाहेर पडण्यापूर्वी केवळ शेगडीचे बटण बंद करून भागत नाही, रेग्युलेटरही बंद केला पाहिजे.

शेगडीची निगा ज्योतीवरून ओळखावी. ज्योत निळी व स्थिर असेल तर शेगडीची प्रकृती ठीक. ज्योत पिवळी झाली, पातेल्याच्या बुडाला काजळी धरू लागली, की बर्नरची भोके तुंबली आहेत अथवा हवा पुरेशी मिसळत नाही असे समजावे. अशा अपुऱ्या ज्वलनात गॅस वाया जातो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू उत्पन्न होतो. त्याला तर वासही नाही. शेगडी पूर्ण थंड झाल्यावर बर्नर काढून सोडा घातलेल्या गरम पाण्यात धुवावेत, भोके टाचणीने मोकळी करावीत आणि खडखडीत कोरडे करून बसवावेत. आतील बारीक तोटी, बटणे आणि रेग्युलेटर यांना मात्र आपण हात लावू नये. ते काम जाणत्या कारागिराचे.

आता या व्याख्यानाचा गाभा. गॅसचा दर्प आला तर काय करावे? हे घरातील दहा वर्षांच्या मुलालाही पाढ्यासारखे पाठ असावे. काडी ओढू नये. विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालू असलेले बंदही करू नये. पंखा लावण्याचा मोह तर मुळीच होऊ देऊ नये. देवापुढील समई-निरांजन आणि उदबत्ती विझवावी. शेगडीची बटणे व रेग्युलेटर बंद करावा आणि शक्य असल्यास रेग्युलेटर काढून सिलिंडरच्या तोंडावर दोरीची टोपी बसवावी. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, विशेषतः जमिनीला टेकणारे दार. कारण वायू खालीच साचलेला असतो. मुलांना व वृद्धांना घेऊन बाहेर पडावे आणि बाहेर गेल्यावरच १९०६ या क्रमांकावर व वितरकास दूरध्वनी करावा. आग लागली असेल तर अग्निशामक दलाचा क्रमांक १०१. गळती शोधण्यासाठी काडी पेटवून पाहणारे लोक अद्याप आहेत. शंका असेल तेव्हा सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे आले की गळती समजावी.

कढईतील तेलाने पेट घेतला तर त्यावर पाणी ओतू नये, ज्वाळा उसळून छताला भिडते. शेगडी बंद करून कढईवर मोठे झाकण ठेवावे. कोणी भाजले तर भाजलेल्या जागी नळाचे साधे थंड पाणी वीस मिनिटे सोडावे, बांगड्या-अंगठ्या लगेच काढाव्यात, स्वच्छ कापड सैल गुंडाळावे आणि डॉक्टरांकडे न्यावे. शाई, तूप, दंतमंजन यांचे लेप लावण्याची रीत आता सोडून द्यावी.

बंधुभगिनींनो, आपल्या ज्ञातीतील एका परिस्थितीकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. आज कित्येक घरांत मुले पुण्या-बंगळुरास किंवा परदेशी असून घरी वृद्ध आईवडील दोघेच राहतात. कित्येक ठिकाणी तर एकटी माता किंवा एकटे पिता. वयाबरोबर घ्राणशक्ती मंद होत जाते, ही गोष्ट वृद्धास स्वतःस कळत नाही. विसर पडू लागतो, हात कापतो, वाकून रेग्युलेटर फिरविणे जड जाते. मुलगा दिवाळीला येतो तेव्हा मोठा दूरदर्शन संच आणतो. आणावा. परंतु त्याच वेळी आईची नळी किती वर्षांची आहे ते त्याने पाहावे. गॅस गळताच वाजणारे इशारायंत्र बाजारात मिळते; ते सिलिंडरच्या गॅससाठी जमिनीलगत बसवावे. ओट्याजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत १९०६ हा आकडा व वितरकाचा क्रमांक लिहून लावावा. शेजाऱ्यापाशी घराची एक किल्ली असावी. आईवडिलांची काळजी ती हीच, असे आम्हांस वाटते.

मुंबई-पुण्याच्या सभासदांकडे नळातून येणारा गॅस असतो. तो प्रामुख्याने मिथेन असून हवेहून हलका आहे, म्हणून तो वर साचतो आणि त्याचे इशारायंत्र छताजवळ बसवावे लागते. घरात त्याची बंद करण्याची कळ कोठे आहे ते प्रत्येकाने पाहून ठेवावे. सिलिंडरची शेगडी त्याला तशीच जोडू नये. तिच्या तोट्या अधिकृत कारागिराकडून बदलून घ्याव्या लागतात. बाकीचे सर्व नियम सारखेच.

शेवटी एक सूचना मांडून आम्ही आपली रजा घेतो. खंडेनवमीस आपण शस्त्रांची व हत्यारांची पूजा करतो. कारागीर हातोडी-करवत पूजतो, विद्यार्थी ग्रंथ पूजतो. मग जिच्यावर सर्व कुटुंबाचे उदरभरण होते त्या शेगडीला त्या दिवशी हळदकुंकू वाहताना तिची नळी, मुदत, बर्नर आणि रेग्युलेटर हेही तपासले तर ती पूजा अधिक सार्थ होणार नाही काय? आणि ही तपासणी घरातील पुरुषाने करावी, मुलांना शेजारी उभे करून, प्रत्येकाच्या हातून रेग्युलेटर एकदा बंद करवून. मंडळाच्या महिला व युवक शाखांनी एकट्या राहणाऱ्या वृद्ध सभासदांच्या घरी त्या सप्ताहात जाऊन हेच काम करावे. यास पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो. आग लागल्यावर विहीर खणण्यास निघालेल्या माणसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. ती आपल्या घरी घडू नये, एवढीच प्रार्थना.