एक अर्ज लिहिण्यास किती खर्च यावा?

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी प्रथा आहे. ते महत्त्व आपणांस ठाऊक नसते, तर आजची मजुरी बुडवून आपण येथे आलाच नसता. म्हणून मी एका लहानशा, पण आपल्या खिशाशी संबंध असलेल्या गोष्टीविषयी बोलणार आहे. आपल्या मुलाने किंवा मुलीने संगणकावर एक अर्ज, एक निबंध किंवा एक प्रकल्प लिहावा, याकरिता आपण किती पैसे मोजावेत?

१९७८ साली मी टंकलेखन शिकू लागलो. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. आपला जिल्हा पुढे १ मे १९९९ रोजी झाला. टायपिंगच्या वर्गात काही यंत्रे रेमिंग्टनची होती, काही गोदरेजची. जे रिकामे सापडेल त्यावर बसायचे. परीक्षेत मिनिटाला मराठीचे ३० आणि इंग्रजीचे ४० शब्द मागत. यंत्र कोणत्या कंपनीचे, हे कोणी विचारीत नसे. शिवाय यंत्र एकदा विकत घेतले की वीस-वीस वर्षे चाले. कंपनीचा माणूस दरवर्षी भाडे मागण्यास दारात उभा राहत नसे.

आज तो उभा राहतो. संगणकावर लिहिण्याकरिता जे सॉफ्टवेअर लागते, त्यात मायक्रोसॉफ्ट कंपनीचे वर्ड सर्वांच्या तोंडी आहे. ते चांगले आहे, यात वाद नाही. परंतु त्याचा पूर्ण संच एका माणसाने वर्षाच्या वर्गणीवर घ्यावयाचा, तर सुमारे पाच ते सात हजार रुपये पडतात. दुसऱ्या वर्षी पुन्हा तितकेच. ज्या घरी रोजंदारीवर चूल पेटते, त्या घरची ही दोन-तीन आठवड्यांची मजुरी झाली.

मग आपण काय करतो? याविषयी माझ्याच घरातली हकीकत सांगतो. माझ्या धाकट्या भावाची वसमतकडे थोडी शेती आहे. हळद विकून आलेल्या पैशांतून त्याने कॉलेजात शिकणाऱ्या मुलीस एक जुना लॅपटॉप घेऊन दिला. दुकानदार म्हणाला, "सगळे टाकून दिले आहे." काय टाकले, कोठून आणले, हे कोणी विचारले नाही. मी शिक्षक; मी तेथेच उभा होतो; मलाही तो प्रश्न सुचला नाही. पुढे प्रकल्प देण्याच्या आदल्या रात्री पडद्यावर सूचना आली की, ही प्रत अधिकृत नाही. लिहिलेले सारे दिसत होते, पण त्यातले एक अक्षर बदलता येईना. दुसऱ्या दिवशी पाचशे रुपये देऊन तशीच दुसरी प्रत टाकून घेतली. तिच्याबरोबर व्हायरस आला आणि वर्षभराच्या टिपणांवर पाणी पडले. मुलगी मला म्हणाली, "बडे अब्बा, आपण पैसे तर दिले होते ना? मग ती चोरीची कशी?"

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. पैसे दिले होते हे खरे, पण ज्याचा माल त्याला दिले नव्हते. कायदाही या बाबतीत कडक आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात पुढे कलम ६३-ब घालण्यात आले. संगणकावर बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास त्या कलमाखाली सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर नफ्याकरिता किंवा धंद्याकरिता नसेल, तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते. मी आपणांस भीती घालीत नाही. आपण मुलांना आयुष्यभर सचोटी शिकवतो आणि त्यांच्या हाती पहिले साधन चोरीचे देतो, एवढेच मला खटकते. आणि तसे करण्याची मुळी गरजच नाही.

कारण विनामूल्य आणि पूर्ण कायदेशीर असे साधन उपलब्ध आहे. त्याचे नाव लिबरऑफिस. जर्मनीत तयार झालेले स्टारऑफिस नावाचे सॉफ्टवेअर अमेरिकेच्या सन कंपनीने १९९९ साली विकत घेतले आणि २००० साली त्याची आतली मांडणी जगाला खुली केली. त्यातून ओपनऑफिस झाले. पुढे सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेली, तेव्हा काम करणाऱ्या स्वयंसेवकांनी २०१० साली स्वतंत्र संस्था काढली आणि त्याच मांडणीवरून लिबरऑफिस चालू केले. यात पत्रलेखन आहे, हिशेबाचे तक्ते आहेत, सभेत पडद्यावर दाखवावयाचे चित्रपाठही आहेत. एकाने इंटरनेटवरून उतरवून पेन ड्राइव्हवर घेतले, तर ते साऱ्या मोहल्ल्याला वाटता येते. विकतच्या सॉफ्टवेअरबाबत जो गुन्हा, ती येथे रीतसर परवानगी आहे.

आपल्या मुलांना मराठी लिहावे लागते, उर्दूही लिहावे लागते. पूर्वी मराठीकरिता श्रीलिपीसारखे आणि उर्दूकरिता इनपेजसारखे वेगळे सॉफ्टवेअर घ्यावे लागे. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला की अक्षरांची खिचडी होई. आता युनिकोड पद्धतीमुळे तो त्रास राहिला नाही. मराठीचा आणि उर्दूचा कळफलक विंडोजमध्येच असतो. केवळ चालू करावा लागतो. नस्तालीक वळणाकरिता नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट फुकट मिळतो. एकाच कागदावर डावीकडून मराठी आणि उजवीकडून उर्दू लिहिता येते. ज्यांनी कातिबांच्या हातची उर्दू वर्तमानपत्रे वाचली आहेत, त्यांना याचे मोल मी सांगावयास नको.

संगणकच नसेल तर? घरात फोन असेल, त्यावर गूगल डॉक्स विनामूल्य चालते. मायक्रोसॉफ्टही आपल्या वर्डची इंटरनेटवर चालणारी साधी आवृत्ती फुकट वापरू देते आणि पात्र शिक्षणसंस्थांना अशा आवृत्तीचा संच विनामूल्य देते. आपल्या संस्थेने त्याकरिता अवश्य अर्ज करावा. मात्र या सोयींना इंटरनेट लागते. ते नेहमी मिळेल असा आपल्याकडील खेड्यांचा अनुभव नाही. लिबरऑफिस एकदा टाकले की इंटरनेटवाचून चालते.

आता उणिवाही सांगतो, नाहीतर मी विक्रेत्यासारखा बोललो असे होईल. वर्डमध्ये केलेला कागद लिबरऑफिसमध्ये उघडला की कधी तक्ता सरकतो, कधी ओळी पुढच्या पानावर जातात. यावर उपाय सोपा आहे. दुसऱ्याने बदल करावयाचे असतील तर वर्डच्या स्वरूपात साठवावे आणि फक्त वाचावयाचा कागद असेल तर पीडीएफ करून पाठवावा. दुसरी अडचण अशी की, संगणकाच्या वर्गांत बहुधा वर्डच शिकवतात आणि पुष्कळ कार्यालयांत तेच असते. मुलांनी तेथे ते अवश्य शिकावे. पण समास कसा सोडावा, मथळा कसा द्यावा, तक्ता कसा आखावा, ही विद्या दोन्हींकडे सारखीच आहे. रेमिंग्टनवर शिकलेला माणूस गोदरेजवर अडत नसे.

हे केवळ माझे म्हणणे नाही. केरळ राज्याने आपल्या सरकारी शाळांत अनेक वर्षांपासून असेच खुले सॉफ्टवेअर चालवले आहे आणि तेथील मुले कोठे मागे पडली नाहीत. आपल्या मुंबईच्या आय. आय. टी. ने स्पोकन ट्युटोरियल नावाच्या उपक्रमात लिबरऑफिसचे छोटे छोटे दृक्‌श्राव्य पाठ मराठीतही केले आहेत. तेही विनामूल्य आहेत. शिकवणारा नाही, ही सबबसुद्धा उरत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पालकांनो, लॅपटॉप घेताना दुकानदारास विचारा: यात काय टाकले आहे आणि त्याची पावती आहे का? नसेल तर सांगा, लिबरऑफिस टाका. विद्यार्थ्यांनो, यंत्राच्या नावाचा अभिमान धरू नका, बोटांच्या वेगाचा आणि शुद्ध लिहिण्याचा धरा. आणि संस्थाचालकांनो, शाळेत एक पेन ड्राइव्ह तयार ठेवा. दर शनिवारी वरच्या वर्गातील मुला-मुलींनी तो घेऊन बसावे आणि जो येईल त्यास लावून द्यावे, आयांनाही शिकवावे.

माझ्या पुतणीने आपला प्रकल्प पुन्हा लिहिला, या वेळी लिबरऑफिसवर. खर्च झाला तो फक्त छपाईचा. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी तिला उशिरा दिले; आपण आपल्या मुलांना ते वेळेवर द्यावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.