आजोबांनी ज्यांना मत दिलं नाही, ते आमदार

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा मला वाटलं, कॉम्प्युटरवर बोलायला सांगतील. ते म्हणाले, "आपल्या गावाबद्दल काहीतरी बोल." सरांसमोर उभं राहून बोलायचं म्हटलं की आजही माझे पाय कापतात, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

गावाबद्दल म्हणजे कुणाबद्दल, हा प्रश्न कराडात पडत नाही. प्रीतिसंगमावर भेळ खाताना समोर ज्यांची समाधी दिसते, त्या यशवंतराव चव्हाणांबद्दल मी बोलणार आहे. पण 1962 साली चीनच्या युद्धात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेले यशवंतराव आपल्याला पाठ आहेत. दहावीच्या निबंधात आपण सगळ्यांनीच ते लिहिले. मला बोलायचंय त्याआधीच्या सोळा वर्षांबद्दल, म्हणजे ते आमदार होते त्या काळाबद्दल. कारण त्या काळाचा माझ्या घराशी थेट संबंध आहे.

थोडं मागे जाऊ. 12 मार्च 1913 रोजी देवराष्ट्रे या गावी त्यांचा जन्म झाला. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. वडील लहानपणीच गेले. शिक्षण कराडला, टिळक हायस्कुलात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे भाऊ-चुलते त्या शाळेत शिकले. 1932 साली, अजून मॅट्रिकही झाले नव्हते, तेव्हा तिरंगा फडकावला म्हणून या मुलाला 18 महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर पुन्हा शाळेत बसून मॅट्रिक, मग कोल्हापूरला बी.ए., पुण्याला वकिली. 1942 साली भूमिगत. आणि 1946 साली मुंबई विधानसभेवर आमदार. 1952 साली कराडमधून पुन्हा निवडून आले आणि मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. पुढचा भाग आपल्या निबंधात नसायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मुंबईसह महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसं मेली. त्या वेळी गोळीबार करणाऱ्या सरकारात यशवंतराव मंत्री होते. 1955 च्या अखेरीस फलटणला ते बोलून गेले, की संयुक्त महाराष्ट्र आणि नेहरू यांतून एकच निवडायचं झालं तर आपण नेहरूंना निवडू. गावोगावी लोक खवळले. आचार्य अत्र्यांनी 'मराठा'तून त्यांची कशी सालं काढली, हे आपल्या घरातली वयस्क माणसं चवीने सांगायची. 1 नोव्हेंबर 1956 ला ते गुजरातीसह असलेल्या द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले, म्हणजे लोकांना जे राज्य नको होतं नेमकं त्याचेच. वय 43. लगेच 1957 ची निवडणूक आली. पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. खुद्द मुख्यमंत्री कराडात जेमतेम वाचले.

त्यांच्याविरुद्ध पडलेल्या मतांत एक मत माझ्या आजोबांचं होतं.

आजोबा म्हणजे चार-पाच एकराचे शेतकरी, इथून दोन कोसांवरच्या गावातले. ते सांगायचे, "माणूस आपला हाय, बोलतो बी ग्वाड. पण तवा त्यो आपल्या संगट नव्हता. म्हणून न्हाई दिलं." यात त्यांना ना लाज होती, ना फुशारकी. 30 नोव्हेंबर 1957 ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा समितीने काळी निशाणं दाखवली. आजोबा त्या गर्दीत चालत गेले होते. बरोबर बांधून नेलेली भाकरी वाटेत कुणाला दिली, हेही त्यांना शेवटपर्यंत आठवायचं.

आता असा विचार करा. ज्याच्या गावातले निम्मे लोक त्याच्यावर चिडलेत, जो पडता पडता वाचलाय, असा आमदार पुढची पाच वर्षं काय करील? आजच्या सवयीने आपण म्हणू, ज्या गावाने मतं दिली नाहीत त्या गावाचा रस्ता अडवील. यशवंतरावांनी दोन गोष्टी केल्या. एक, लोकांचा राग खरा आहे हे त्यांनी दिल्लीला पटवत आणलं, आणि 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. श्रेय एकट्याचं नाही. लढले ते समितीचे लोक, मेले ते गिरणगावातले आणि गावोगावचे. पण रस्त्यावरची मागणी दिल्लीच्या टेबलावर नेऊन ठेवणारं माणूसही लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी कामं अशी केली, की ती कुणाच्या मतावर अवलंबून राहिली नाहीत. 1958 साली कनिष्ठ गावकामगार वतनं रद्द करणारा कायदा झाला आणि महार वतनाचं जोखड गेलं. 1959 पासून ई.बी.सी. सवलत आली. उत्पन्न ठराविक मर्यादेच्या आत असेल तर मुलाची फी माफ, जात कुठलीही असो. 1961 साली जिल्हा परिषदेचा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्ह्याच्या शाळा, रस्ते, दवाखाने यांचा कारभार जिल्ह्यातल्याच निवडून दिलेल्या माणसांकडे आला. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे साहित्य संस्कृती मंडळ सोपवलं, त्यातून पुढे विश्वकोश उभा राहिला. 1962 साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं.

यातली ई.बी.सी. आमच्या घरात आली. माझे वडील शाळेत होते, आजोबांकडे फीला पैसे नव्हते. तलाठ्याकडून उत्पन्नाचा दाखला आणायचा आणि फॉर्म भरायचा, एवढंच काम. त्या फॉर्मवर "गेल्या निवडणुकीत कुणाला मत दिलं?" असा रकाना नव्हता. वडील मॅट्रिक झाले, सरकारी खात्यात कारकून लागले, आणि आम्ही कराडला राहायला आलो. ती फी माफ झाली नसती तर मी या शाळेत आलेच नसते. मग गणिताच्या तासाला बाहेर उभं करायला सरांना दुसरं कुणीतरी शोधावं लागलं असतं.

1997 साली बारावी झाले. मार्क बरे होते. पण मुलीला पुण्याच्या हॉस्टेलवर ठेवायचं, हे घरात कुणाच्या गळी उतरत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर खर्चही झेपला नसता. पण कृष्णेचा पूल ओलांडला की विद्यानगरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय होतं, 1960 साली सुरू झालेलं. मी सायकलवरून इंजिनिअर झाले. घरी जेवून कॉलेजला जायचे, संध्याकाळी घरी यायचे. आपल्या वर्गातल्या आणखी तिघी-चौघी अशाच झाल्या, त्या इथे बसल्यात.

प्रवेश झाला त्या दिवशी पेढे घेऊन आजोबांकडे गेले. त्यांनी कॉलेज कधी निघालं ते विचारलं. मी साल सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तवा यशवंतरावच हुते की." मग पेढा तोंडात टाकून म्हणाले, "पर तवाचं मत माझं बरोबरच हुतं बरं का."

मला वाटतं, आजोबांचं दोन्ही खरं होतं. चुकतोय असं वाटलं तेव्हा त्यांनी आपल्या माणसालाही मत नाकारलं. आणि चांगलं झालं तेव्हा ते बोलूनही दाखवलं. सगळं चांगलंच झालं असंही नाही. कोयनेच्या धरणाने महाराष्ट्राला वीज दिली, पण ज्यांची गावं पाण्यात गेली त्यांच्या पुनर्वसनाचा हिशोब पुढच्या पिढ्यांवरही मिटला नाही. सहकार आणि जिल्हा परिषदा सामान्य माणसासाठी उभ्या केल्या, पण कितीतरी ठिकाणी त्या ठराविक घराण्यांच्या हातात गेल्या. हे न बोलता समाधीला फुलं वाहिली तर ती नुसतीच फुलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट शिकायला मिळते. प्रोग्रॅम लिहिणारा नोकरी सोडून गेला तरी प्रोग्रॅम चालला पाहिजे. दरवेळी त्याला फोन करावा लागत असेल तर त्याने काम केलं नाही, स्वतःची गरज तयार केली. नोव्हेंबर 1962 मध्ये यशवंतराव दिल्लीला गेले, कराडची आमदारकी सुटली. माझ्या वडिलांची फीमाफी मात्र चालू राहिली.

नोव्हेंबर 1984 मध्ये ते गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते. वडिलांनी मला खांद्यावर घेऊन संगमावर नेलं होतं. मला फक्त डोकी दिसत होती, सगळीकडे डोकी. वडील रडत होते. आजोबा त्या गर्दीत होते का, हे मी कधी विचारलं नाही. आता विचारायला ते नाहीत.

मित्रांनो, आपण आता पुण्या-मुंबईला, काही जण परदेशात. गावचा आमदार आठवतो तो लग्नपत्रिकेतल्या नावांपुरता, नाहीतर एखाद्या कामाच्या चिठ्ठीपुरता. माझी एवढीच विनंती आहे, की पुढच्या वेळी आमदाराला भेटाल तेव्हा स्वतःच्या कामाची चिठ्ठी मागू नका. ज्याची कुठेच ओळख नाही, अशा पोराचं काम चिठ्ठीशिवाय व्हावं यासाठी तुम्ही काय केलं, ते विचारा. आणि उत्तर पटलं नाही तर माझ्या आजोबांसारखं करा, आपला माणूस असला तरी.

या मेळाव्यातून शाळेसाठी जो निधी जमतोय, त्यातून गरजू मुलांची फी भरायचं ठरलंय. फॉर्म साधा ठेवा, आणि रकाने कमी. इतकंच सांगते आणि थांबते.