संगणकशास्त्राचे महाविद्यालय निवडताना



बारावीचा निकाल आणि प्रवेशपरीक्षेचे गुण हाती आले म्हणजे आमच्या कोलाड-रोहे भागात घरोघरी एकच प्रश्न ऐकू येऊ लागतो: ‘गुरुजी, काँप्युटरसाठी मुलाला कोठे घालावे?’ विचारणारा बाप बहुधा शेतकरी, धाटावच्या कारखान्यातील कामगार, नाहीतर नाक्यावरचा दुकानदार असतो. त्याने स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेली नसते. मीही मॅट्रिकच्या पलीकडे गेलेलो नाही. संगणकाचे शास्त्र मला शिकविता येणार नाही. परंतु सारे आयुष्य शाळेत गेल्यामुळे, एखाद्या संस्थेत शिकविणे खरोखर चालले आहे की नुसती घंटा वाजते आहे, एवढे ओळखण्याची दृष्टी मला आली आहे. आणि तेवढ्याच अधिकाराने मी आज बोलणार आहे.

या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो. कोणत्या महाविद्यालयातून सर्वांत मोठ्या पगाराची नोकरी मिळते, हेच पालकाला वस्तुतः जाणून घ्यावयाचे असते. जाहिरातींचे फलकही त्याच आकड्याने रंगविलेले असतात. त्याविषयी विचार करताना मला आमची कुंडलिका आठवते. एप्रिल-मे महिन्यांत कोकणातील कितीतरी नद्यांचे गोटे उघडे पडतात. कुंडलिका मात्र कोलाडजवळ सकाळच्या प्रहरी अशी भरून वाहते की मुंबई-पुण्याचे हौशी लोक रबरी होड्यांतून तिच्यावर स्वार होण्यास येतात. नवख्याला वाटावे, नदी मोठी जिवंत! परंतु ते पाणी तिचे नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळशी येथे टाटा कंपनीने मुळा नदी अडविली. ते पाणी घाटाखाली भिरा येथे आणून 1927 सालापासून त्यावर वीज निर्माण केली जाते, आणि चक्रे फिरवून मोकळे झालेले पाणी कुंडलिकेच्या पात्रात उतरते. वरून पाणी सुटले नाही, तर होड्या काठावर पडून राहतात.

महाविद्यालयांच्या पगाराच्या आकड्यांचेही पुष्कळसे असेच आहे. पवईची 1958 साली स्थापन झालेली आय.आय.टी., 1854 पासून चालत आलेले आणि 2022 साली स्वतःच विद्यापीठ झालेले पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय, किंवा 1887 पासूनची माटुंग्याची व्ही.जे.टी.आय. या संस्थांत प्रवेशच मुळी फार मोठ्या समुदायातून निवडलेल्या मुलांना मिळतो. ती मुले कोठेही गेली असती तरी चमकली असती. असे म्हणण्यात त्या संस्थांचा उणेपणा दाखविण्याचा माझा हेतू नाही. तेथे ज्याला जागा मिळेल त्याने खुशाल जावे, कारण हुशार सोबती हेही अर्धे गुरूच होत. परंतु आपली बहुसंख्य मुले मधल्या गुणांची. त्यांनी पाहावयाचे ते हे की, आपल्यासारखाच मुलगा आत घेऊन चार वर्षांत ही संस्था त्याच्यात किती भर घालते.

तेव्हा सर्वांत मोठा पगार विचारू नये. तो एकाच मुलाचा असतो. सर्व मुलांना पगाराच्या क्रमाने ओळीत उभे केले तर मधोमध जो येईल त्याचा पगार किती, हे विचारावे. केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना हा मधला आकडा द्यावा लागतो. तथापि त्यात नोकरी लागलेलीच मुले मोजलेली असतात, म्हणून पुढचा प्रश्न असा: प्रवेश घेतला किती मुलांनी, चार वर्षांत उत्तीर्ण झाली किती, आणि नोकरी लागली किती? या तीन आकड्यांना जी संस्था सरळ उत्तर देते तिच्याविषयी माझा ग्रह चांगला होतो.

अशीच एक गल्लत श्रेणीच्या बाबतीत होते. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एन.बी.ए.ची मान्यता एकेका शाखेला आणि ठराविक वर्षांपुरती मिळते. फलकावर मोठे अक्षर झळकले म्हणजे संगणकाच्या शाखेला मान्यता आहेच असे नव्हे, व ती असली तरी मुदत संपलेली नाही ना, हे पाहिले पाहिजे.

परंतु कागद पाहून सारे कळत नाही. मुलाला बरोबर घेऊन, समारंभाचा दिवस टाळून, एखाद्या साध्या मंगळवारी-बुधवारी महाविद्यालयात जावे. प्रयोगशाळेत यंत्रे किती यापेक्षा त्यांच्यापुढे मुले बसलेली आहेत काय, हे पाहावे. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला गाठून विचारावे की, गणित कोण शिकवितो, आणि तो गेल्या वर्षी होता काय. दर वर्षी शिक्षक बदलत असतील तर इमारत कितीही भव्य असो, मला तेथे मुलगा घालवणार नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमाप्रमाणे वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, आणि शिक्षकांची नावे संस्थेने संकेतस्थळावर द्यावयास हवीत. ती यादी घेऊन जावे आणि त्यांतील माणसे प्रत्यक्ष दिसतात काय ते पाहावे. हे आज विशेषच अगत्याचे झाले आहे. 2024-25 पासून परिषदेने एका शाखेतील जागांची कमाल मर्यादा काढून टाकली, आणि मागणी असेल त्या महाविद्यालयांना संगणकाच्या तुकड्यांमागून तुकड्या वाढविण्याची मोकळीक मिळाली. बाके आठ दिवसांत येतात, शिक्षक येत नाही.

शाखांच्या नावांविषयीही लोक फार गोंधळतात. संगणक अभियांत्रिकी, माहिती तंत्रज्ञान, कृत्रिम बुद्धिमत्ता, विदाविज्ञान अशी नावे दर वर्षी वाढतच आहेत. नाव कोणतेही असो, अभ्यासक्रमाचा कागद मागवून त्यात विविक्त गणित, विदा-संरचना, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस आणि नेटवर्क हे विषय पुरे तास देऊन शिकविले जातात काय ते पाहावे. हा पाया असेल तर नवी विद्या मागाहून शिकता येते. रोह्याशी ज्यांचे नाव निगडित आहे ते चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले. केंब्रिजला त्यांनी वनस्पतिशास्त्रात प्रावीण्य मिळविले, आणि 1943 साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले!

अभियांत्रिकीत मनासारखी जागा मिळाली नाही म्हणून रडत बसण्याचेही कारण नाही. ज्याचे गणित चांगले आहे त्याने चांगल्या महाविद्यालयात बी.एस्‌सी. संगणकशास्त्र घेऊन पुढे एम.एस्‌सी. वा एम.सी.ए. करावे. रिकाम्या वर्गांच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापेक्षा हा मार्ग मला शतपटीने बरा वाटतो, आणि त्याला खर्चही बहुधा कमी येतो.

आता आमच्या भागाचे. माणगावच्या पुढे लोणेरे येथे 1989 च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. पिकते तेथे विकत नाही, या न्यायाने आमचे लोक ते सोडून पनवेल-पुण्याची चौकशी करीत बसतात. मात्र एक ध्यानात ठेवावे: राज्यभरची अनेक महाविद्यालये या विद्यापीठाशी संलग्न आहेत, पदवीवर नाव तेच असले तरी प्रत्यक्ष लोणेऱ्याचा वर्ग वेगळा आणि दूरच्या संलग्न महाविद्यालयाचा वर्ग वेगळा. तसेच, रोज महामार्गावर जाऊन-येऊन चार तास घालविणाऱ्या मुलाला सराव करावयास वेळ उरत नाही. संगणकाची विद्या पोहण्यासारखी आहे. पाण्यात उतरल्यावाचून ती येत नाही.

पसंतीक्रमाचा अर्ज भरताना एक भ्रम आढळतो. मिळण्यासारखे महाविद्यालय वर लिहिले म्हणजे ते नक्की मिळते, असे पालक समजतात. वाटप गुणानुक्रमाने होते; मनात जे पहिले तेच पहिले लिहावे, मग ते आवाक्याबाहेरचे का दिसेना. न मिळाल्यास खालच्या पसंतीचा हक्क जात नाही. मात्र पहिलीच पसंती मिळाली तर ती स्वीकारावी लागते, म्हणून नको असलेले नाव वर टाकू नये. गेल्या वर्षी कोणत्या शाखेचा प्रवेश कितीवर थांबला, याच्या याद्या प्रसिद्ध होतात; त्या शांतपणे वाचाव्या.

पैशाच्या बाबतीत स्पष्टच बोलतो. देणगी मागणे 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क शासनाचे प्राधिकरण ठरविते. त्याहून अधिक मागितले तर पावती मागावी. रस्त्यालगतची जमीन विकून संस्थेच्या कोट्यातील जागा घेणारे बाप मी पाहिले आहेत. तसे करू नये. बँकेचे शैक्षणिक कर्ज काढावे, तेही ते तीन आकडे विचारल्यानंतर.

आणि मुलींविषयी. भावाला पुण्याला धाडावयाचे आणि त्याच्याहून अधिक गुण मिळविलेल्या बहिणीला ‘जवळचे काय ते कर’ म्हणावयाचे, हे आमच्याकडे अजून चालते. ज्यांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे अशा इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, शासकीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास, 2024 पासून राज्य शासनाने शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क संपूर्ण माफ केले आहे. संस्थेच्या कोट्यातून गेल्यास ही सवलत मिळत नाही. राहण्या-जेवणाचा खर्च त्यात येत नाही, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून महाविद्यालय पाहावयास जाल तेव्हा मुलींचे वसतिगृहही आत जाऊन पाहावे, तेथील दोघीचौघींशी आईने बोलावे, आणि वसतिगृहाचा अर्ज केव्हा भरावयाचा ते त्याच दिवशी कचेरीतून लिहून घ्यावे. तेथील जागा थोड्या असतात आणि त्या लवकर भरतात.